श्रीक्षेत्र नेवासे : शब्दाचे तीर्थ

शिर्डीस श्रीसाईबाबांचे दर्शन आणि शनिशिंगणापुरास श्रीशनैश्वराला तैलाभिषेक, असे दोन संकल्प मनाशी धरून अहिल्यानगर जिल्ह्यात येणाऱ्या यात्रेकरूंची संख्या फार मोठी आहे. दर्शन आटोपून छत्रपती संभाजीनगर किंवा पैठणच्या वाटेला लागलेली त्यांची वाहने घोडेगाव मागे टाकून नेवासे फाट्यावर येतात, चहापाणी होते आणि प्रवास पुढे सुरू होतो. फाट्यापासून थोडेसे आत प्रवरेच्या काठी एक लहानसे गाव आहे. श्रीज्ञानेश्वर महाराजांनी भगवद्गीतेचा अर्थ मराठीत सांगितला तो या गावी. ज्या भाषेत आपण देवाशी बोलतो, त्या भाषेचे हे तीर्थ आपल्या वाटेवर असताना त्याला वळसा घालून जाणे बरे नव्हे, एवढे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रवरेच्या दोन तीरांवर नेवासे खुर्द आणि नेवासे बुद्रुक अशी दोन गावे आहेत. ‘खुर्द’ म्हणजे धाकटे. परंतु काळाची गंमत अशी की आज तालुक्याचे ठिकाण, बाजारपेठ आणि देवालये ही सारी या धाकट्याकडेच आहेत. नदी सह्याद्रीत रतनगडाच्या परिसरात उगम पावते आणि अकोले, संगमनेर या भागांतून वाहत येथवर येते. भाविक तिला अमृतवाहिनी म्हणतात. त्या नावामागे समुद्रमंथनाची कथा आहे. देव आणि दैत्य अमृतासाठी भांडू लागले तेव्हा भगवान विष्णूंनी मोहिनीचे रूप घेतले आणि देवांना अमृत वाटले, ते याच स्थळी, अशी या परिसराची श्रद्धा आहे. देवांच्या पंगतीत चोरून बसलेल्या राहूचे शिर उडाले ते राहुरीस पडले आणि काया कायगावास पडली, असेही येथील वृद्ध मंडळी सांगतात. व्युत्पत्तिशास्त्री यावर हसतील. हसोत बापडे. एका कथेच्या धाग्याने आपला सारा मुलूख ओवून घेणाऱ्या लोकांचे आपल्या भूमीवरील प्रेम त्यातून दिसते, हे काही थोडे नव्हे.

या भूमीचे वय मात्र शास्त्रानेही मोजले आहे. इ. स. १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांचे सहकारी यांनी येथे उत्खनन केले. अश्मयुगीन मानवाची दगडी हत्यारे, त्यानंतरची ताम्रपाषाणयुगीन वसाहत, सातवाहनकाळात भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांची खापरे, असे थरावर थर उलगडत गेले. या संशोधनात हाती आलेली एक वस्तू विसरता येत नाही. तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका बालकाच्या सांगाड्याच्या गळ्याशी तांब्याच्या मण्यांची माळ होती, आणि त्या मण्यांत रेशीम व कापूस यांच्या धाग्याचा अंश टिकून राहिला होता. कोणा मातेने ती आपल्या लेकराच्या गळ्यात घातली असेल. तिचे नाव, तिचा देव, तिची भाषा यांपैकी काहीही आपल्याला ठाऊक नाही. तिची माया तेवढी पोहोचली.

आता मुख्य स्थानाकडे वळू. गावाबाहेर श्रीज्ञानेश्वर मंदिर आहे. मंदिरात प्रवेश करताच नवख्या यात्रेकरूची दृष्टी मूर्ती शोधू लागते. पण या मंदिराचे खरे दैवत म्हणजे मध्यभागी उभा असलेला एक दगडी खांब. यालाच ‘पैसाचा खांब’ म्हणतात. पैस म्हणजे विस्तार, ऐसपैस अवकाश. या खांबाला टेकून ज्ञानेश्वर महाराज निरूपण करीत, अशी परंपरा आहे. दुर्गाबाई भागवत यांनी या खांबावर ललित लेख लिहिला आणि त्यावरूनच आपल्या संग्रहाला ‘पैस’ हे नाव दिले. त्या पुस्तकास १९७१ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० हे वर्ष स्वतः महाराजांनीच ग्रंथाच्या अखेरीस नोंदविले आहे. त्या वेळी यादवकुलातील राजा रामचंद्र राज्य करीत होता, हेही ते सांगतात. परंपरेनुसार त्यांचे वय अवघे पंधरा वर्षांचे होते. संन्याशाची मुले म्हणून समाजाने बाहेर टाकलेली, मातापित्यांच्या देहान्त प्रायश्चित्ताने पोरकी झालेली ही चार भावंडे शुद्धिपत्रासाठी पैठणास गेली होती. तेथून परतताना त्यांचा मुक्काम येथे पडला. ग्रंथाचे लेखक सच्चिदानंदबाबा. ते मृत झाले असता महाराजांच्या कृपेने उठून बसले, अशी कथा भाविक सांगतात.

भाविकहो, येथे क्षणभर थांबून विचार करावा. ज्या मुलाचे सर्वस्व जगाने हिरावून घेतले, त्याला जगाविरुद्ध बोलण्यास कारणे कमी नव्हती. व्यासपीठ होते, वाणी होती, लिहून घेणारा लेखक होता, समोर श्रोते होते. तरीही नऊ हजारांच्या घरातील ओव्यांत स्वतःच्या घरावर कोसळलेल्या दुःखाची तक्रार कोठे आढळत नाही. ग्रंथ पूर्ण झाल्यावर सद्गुरूंपाशी मागणे मागितले, त्या पसायदानातही स्वतःसाठी काही नाही. दुर्जनांना शासन व्हावे असे ते म्हणत नाहीत. त्यांच्यातील वाकडेपणा सरावा, एवढेच त्यांना हवे आहे. आपण नवस बोलताना आपले मागणे काय असते, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे. या खांबासमोर बसल्यावर ते आठवल्यावाचून राहत नाही.

खांबाकडे आणखी जवळून पाहिले असता त्यावर कोरलेला संस्कृत लेख दिसतो. त्यात ज्ञानेश्वर महाराजांचा उल्लेख नाही. लेख आहे करवीरेश्वराच्या देवालयातील अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाचा. हा खांब मुळात त्या शिवालयाचा. ते शिवालय कालौघात नाहीसे झाले, दिवा विझला, दान देणाऱ्याचा वंश कोठे गेला हे कोणी सांगू शकत नाही. चंद्रसूर्य असेपर्यंत दान चालावे, असे अशा लेखांतून मोठ्या विश्वासाने लिहिलेले असते. तेलाचे दान काही तितके टिकले नाही. परंतु ज्या शिलेवर ते कोरले, त्याच शिलेला टेकून एका बालयोग्याने गीतेवर भावार्थदीपिका उजळली. दीपिका म्हणजे दिवाच. दात्याने दिव्यासाठी दिले आणि दिवा लागला; कोणता लागणार, हे त्याला ठाऊक नव्हते. देवस्थानांना यथाशक्ती देणाऱ्या भाविकांनी हा खांब आवर्जून पाहावा, तो या लेखासाठी. पावतीवरील नाव, संगमरवरी फरशीवरील नाव, कोनशिलेवरील नाव यांचा आग्रह पुष्कळदा धरला जातो. त्या आग्रहाला नावे ठेवण्याचे कारण नाही, कारण या दानाचीही नोंद दगडावर झालीच होती आणि ती झाली म्हणून आज आपल्याला त्याची वार्ता कळते.

गावात श्रीमोहिनीराजांचे भव्य पाषाणी मंदिर आहे. भगवंतांचे अर्धनारी स्वरूप येथे पूजिले जाते. अनेक घराण्यांचे हे कुलदैवत असून माघ महिन्यात मोठी यात्रा भरते. हे मंदिर होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी इ. स. १७७३ मध्ये बांधविले. हेच ते गंगोबा तात्या. मालेरावांच्या निधनानंतर पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या हाती राज्य जाऊ नये म्हणून राघोबादादांना बोलावणारे गृहस्थ ते हेच. ज्यांना त्यांनी विरोध केला, त्या अहिल्यादेवी याच जिल्ह्यातील चौंडीच्या, आणि आज जिल्हा त्यांच्या नावाने ओळखला जातो. तरी मंदिराची कारागिरी पाहताना मन प्रसन्न होते. मनुष्याच्या हातून सारेच चांगले किंवा सारेच वाईट घडत नाही.

दुपारच्या वेळी ज्ञानेश्वर मंदिरात बहुधा गर्दी नसते. शक्य झाल्यास तेथे अर्धा घटका बसून ज्ञानेश्वरीतील एखादा अध्याय वाचावा. पारायणाची घाई नको. दहा ओव्या सावकाश वाचल्या तरी पुरे. मुले बरोबर असल्यास त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्याव्यात. अडखळली तरी हरकत नाही.

तेथून पुढे महामार्गाला लागल्यावर प्रवरासंगम येतो. प्रवरा येथे गोदावरीला मिळते. काठावर टोक्याचे श्रीसिद्धेश्वर मंदिर आहे. त्याच्या दगडी भिंतींवरील नक्षी पाहण्यास थोडा वेळ ठेवावा. जायकवाडीच्या नाथसागराचे पाणी भरले म्हणजे त्याचा फुगवटा येथवर पोहोचतो आणि दोन नद्या कोठे भेटतात ते कळेनासे होते. त्याच जलाशयाच्या दुसऱ्या टोकाला पैठण आहे. ज्ञानेश्वरीच्या पाठात शिरलेले दोष दूर करून शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, तिची शुद्ध प्रत सिद्ध करणारे श्रीएकनाथ महाराज तेथले.