ख्रिस्त : अंतरातला की इतिहासातला?

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी विनोबा गीतेवर बोलत व साने गुरुजी ते लिहून घेत, हे खानदेशातील वाचकांस सांगावयास नको. त्याच्या थोडे आधी, १९३१ च्या नाताळात, विलायतेहून परतणाऱ्या बोटीवर गांधीजींनी सहप्रवाशांस येशूविषयी आपले मत सांगितले होते. येशू नावाचा पुरुष झालाच नाही असे कोणी सिद्ध केले, तरी पर्वतावरील प्रवचनाचे सत्य आपल्यापुरते ढळणार नाही, असा त्याचा आशय होता. गीतेतील युद्ध हे अंतःकरणातील युद्ध होय असे मानणाऱ्याने ख्रिस्तासही तोच न्याय लावावा, यात नवल नाही.

हा न्याय काही आपल्याकडचाच नव्हे. तिसऱ्या शतकातील ओरिजेन ह्या ख्रिस्ती पंडिताने शास्त्रवचनास देह, जीव व आत्मा असे तीन अर्थ असतात, असे प्रतिपादिले होते. ॲनी बेझंटबाईंनी १९०१ च्या आपल्या ग्रंथात तोच धागा पुढे ओढला. जन्म, बाप्तिस्मा, रूपांतर, क्रूसारोहण व पुनरुत्थान ह्या त्यांच्या मते साधकाच्या आत्म्यास चढावयाच्या पायऱ्या होत. बेथलेहेम गावात नसून हृदयात आहे, असे त्या मताचे सार सांगता येईल. अद्वैताच्या अभ्यासास वाहिलेले तत्त्वज्ञान मंदिर ज्या अमळनेरात १९१६ साली उभे राहिले, तेथील जिज्ञासूस हा ख्रिस्त परका वाटण्याचे कारणच नाही. पित्याशी आपले ऐक्य असल्याचे त्याचे उद्गार महावाक्यांच्या शेजारी सहज बसतात. शिवाय ह्या अर्थामुळे ख्रिस्त मिशनच्या आवारातून बाहेर येतो. धर्मांतराच्या धास्तीने ज्यांनी शुभवर्तमान हाती धरले नसते, त्यांना ते वाचावेसे वाटते. हा लाभ लहान नव्हे.

तथापि एक शंका आमच्या मनातून जात नाही. ख्रिस्ती मंडळ्या आपल्या श्रद्धेचा जो अंगीकार उच्चारतात, त्यात पंतय पिलात हे एका रोमन सुभेदाराचे नाव आहे. इतक्या पवित्र ठिकाणी ह्या मामलेदारी नावाचे काय काम? ते तेथे मुद्दाम राखले आहे, असे आम्हांस वाटते. ख्रिस्ताचा देह केवळ आभास होता असे म्हणणारे पंथ आरंभीच्या काळातच निघाले होते. त्यांच्या मताप्रमाणे खिळे कोणाच्या मांसात शिरलेच नाहीत. पिलाताचे नाव घेतले की अमुक राज्यात, अमुक अंमलदाराच्या हुकुमाने, एका निरपराध माणसास मारले गेले, हे विसरता येत नाही. क्रूस निव्वळ रूपक झाला, तर तो ठोकणाऱ्यांचा गुन्हाही रूपकच होतो. आणि आजचा ठोकणाराही आपले हात स्वच्छ आहेत असे समजून ध्यानास बसू शकतो.

मग बाह्य इतिहास तेवढा खरा व अंतरीचा अर्थ खोटा म्हणावयाचे काय? येथे रेव्हरंड टिळकांची आठवण होते. १९०७ साली जळगावास कविसंमेलन भरले, त्यास नारायण वामन टिळक आले होते. धरणगावचा कोवळा ठोमरे तेथेच 'बालकवी' झाला व पुढे टिळकांच्या घरी राहिला. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला होता. पण तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. वारकऱ्यास विठ्ठल निर्गुण आहे हे ठाऊक असते, तरी विटेवरचे पाय त्यास सोडवत नाहीत. टिळकांचा ख्रिस्त ह्या जातीचा होता. अंतरात तर तो होताच, पण एखाद्या तत्त्वाशी बोलता येत नाही तसे त्याच्याशी बोलता येत होते. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी चाकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला व त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांसही शिष्य म्हणून जागा दिली. बेझंटबाईंनी तत्त्वाने मोकळा केलेला ख्रिस्त टिळकांनी पोटाची भाकर पणास लावून मोकळा केला. दोहोंत आम्ही दुसऱ्यास अधिक मानतो.

लक्ष्मीबाईंची वाट तर आणखी निराळी. पतीच्या धर्मांतरानंतर त्यांनी काही वर्षे वियोग सोसला आणि सोवळेही कडक पाळले. पुढे जातिभेद देवाने केलेला नव्हे असे त्यांच्या मनाने घेतले, तेव्हा त्या कोणाच्याही हातचे खाऊपिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. सिद्धान्ताची त्यांना गरज पडली नाही. दुसऱ्याच्या हातचा पाण्याचा पेला मात्र खराच होता, आणि तो तोंडास लावण्यापूर्वी मनात जे घडले तेही तितकेच खरे होते. ह्यांतले आतले कोणते व बाहेरचे कोणते, हे त्यांनी स्वतः तरी वेगळे करून सांगितले असते की नाही, कोण जाणे!

१९१९ साली टिळक वारले, तेव्हा 'ख्रिस्तायन' थोड्याच अध्यायांवर थांबलेले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले. उरलेले बहुतेक अध्याय त्यांचे आहेत.