किनारा कुणाच्या भरवशावर?

मॉरिशसचा किनारा पाहायचा तर रविवारी, आणि तोही फ्लिक-आं-फ्लाकसारख्या सार्वजनिक ठिकाणी. सुरूच्या सावलीत चटया अंथरलेल्या असतात, बिर्याणीची पातेली उघडतात, कुठे सेगा हा तिथला लोकनाच रंगात आलेला असतो. आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळं घर दिवसभर मुक्कामाला. कचरा होतो, हे खरंच. मग पर्यावरणाची चिंता करणाऱ्या पाहुण्याला वाटतं, ही गर्दी हटवून किनारा एखाद्या नेटक्या रिसॉर्टच्या हवाली केला तर तो वाचेल. मला हा समज कचऱ्यापेक्षा घातक वाटतो.

कायद्याने भरतीरेषेपर्यंतची वाळू सर्वांची आहे. तिला लागून जमिनीकडचा ८१.२१ मीटरचा पट्टा फ्रेंच अमलापासून राखीव. पण त्याचे मोठे तुकडे हॉटेलांना आणि बंगलेवाल्यांना भाडेपट्ट्याने गेले आहेत. त्यामुळे वाळू सर्वांची राहते, वाळूपर्यंतची वाट मात्र उरत नाही. दक्षिणेला पोम्पोनेतच्या किनाऱ्यावर हॉटेलसाठी कुंपण पडलं, तेव्हा नागरिकांची चळवळ त्याविरुद्ध उभी राहिली. 'आमचे किनारे चोरणं थांबवा' अशा अर्थाचं नावच तिने घेतलं होतं.

शिवाय रिसॉर्टचा नेटकेपणा वरवरचा असतो. बेट ज्वालामुखीतून झालेलं, काळ्या दगडाचं. पांढरी वाळू येते ती प्रवाळ आणि शिंपल्यांच्या चुऱ्यातून. प्रवाळ मेलं की नव्या वाळूचा झराच आटतो. बांधकामासाठी खाजणातली वाळू उपसण्यावर २००१ मध्ये बंदी आली, ती यासाठीच. हॉटेलने आपली हिरवळ वाचवायला दगडी भिंत घातली, की लाटा तिच्यावर आपटून पुढची आणि शेजारची वाळू ओढून नेतात. रविवारचा कचरा सोमवारी उचलता येतो. भिंत कोण उचलणार?

२५ जुलै २०२० रोजी 'वाकाशिओ' हे जपानी मालकीचं जहाज आग्नेय किनाऱ्याजवळच्या प्रवाळावर चढलं. ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे हजार टन तेल सांडलं. ब्लू बेचं संरक्षित सागरी उद्यान तिथून जवळच. कोविडमुळे सीमा बंद होत्या, बेटावर परदेशी पर्यटक जवळजवळ नव्हतेच. धावले ते स्थानिक लोक. पोत्यांत आणि कापडाच्या नळ्यांत उसाचं पाचट कोंबून त्यांनी तरंगते बांध शिवले, तेल अडवलं. काम यंत्रणेवर सोपवा, असं सरकार सांगत राहिलं. लोक हटले नाहीत. त्यांतल्या अनेकांचं पोट त्या पाण्यावर होतं आणि बालपण त्या वाळूत गेलं होतं. पाणी कुंपणाआडून पाहत वाढलेली पिढी अशी धावेल, यावर माझा विश्वास नाही.

या प्रश्नाशी आपलंही नातं आहे. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि मराठी वंशाची कुटुंबं वाजतगाजत गणपती पाण्यात पोचवतात. त्यांनाही ती वाट मोकळी लागते.

पुण्या-मुंबईहून मधुचंद्रासाठी तिकडे निघालेल्यांनी एक दिवस तरी सार्वजनिक किनाऱ्यावर घालवावा, तिथल्याच गाडीवरची डाळपुरी खावी, प्रवाळावर पाय देऊ नये. आणि 'प्रायव्हेट बीच'ची जाहिरात पाहून जादा पैसे मोजू नयेत. हॉटेलसमोरची ओली वाळूही कायद्याने सर्वांचीच आहे.