झाकणाआडचा व्यवहार

महाड ओलांडून पोलादपुरास आलेल्या प्रवाशापुढे दोन घाट उभे राहतात : दक्षिणेस खेडच्या वाटेवरचा कशेडी आणि पूर्वेस महाबळेश्वरास नेणारा आंबेनळी. कशेडीस आता बोगदा झाल्यामुळे तिकडचा चढ पुष्कळसा सुसह्य झाला आहे. परंतु आंबेनळीने जाणाऱ्या गाडीस सावित्रीच्या सखल खोऱ्यातून निघून सुमारे 40 किलोमीटरांच्या अंतरात साडेतेराशे मीटरांच्या आसपासची उंची आजही गाठावी लागते, आणि इंजिन थंड राखण्याच्या व्यवस्थेत काही उणे असेल तर ते या चढावर उघडकीस आल्यावाचून राहत नाही. गणपतीच्या दिवसांत, मुलेमाणसे आणि सामानसुमान घेऊन निघालेला चाकरमानी तापलेली गाडी घेऊन इथल्या गॅरेजात येतो, तेव्हा त्यास ना परिचय असतो, ना वेळ, ना दुसऱ्या मिस्त्रीकडे जाण्याची सोय. त्याची ही पराधीनता हाच या व्यवहाराचा नैतिक गाभा आहे, असे मला वाटते.

अशा काही गाड्यांत कसूर असते ती थर्मोस्टॅट नावाच्या, मुठीत मावणाऱ्या एका झडपेची. तिच्या पितळी कुपीत मेण भरलेले असते. इंजिन थंड असताना झडप मिटलेली राहते आणि कूलंट इंजिनातल्या इंजिनातच फिरते. ते तापून ठराविक अंशावर पोहोचले की मेण वितळून फुगते, दांडी सरकवते, स्प्रिंगचा जोर मोडून झडप उघडते आणि रेडिएटरची वाट मोकळी होते. तो अंश, बहुधा 82 किंवा 88, झडपेवरच कोरलेला असतो. मिटलेल्या अवस्थेत ती अडकली तर गाडी तापते, प्रसंगी हेड गॅस्केट जाते. उघडी अडकली तर इंजिन हवे तितके तापतच नाही, इंधन जास्त खाते आणि आतून झिजत राहते.

आता ओरिजिनल भाग मागवायचा तर एखादा दिवस मुक्काम करावा लागतो, आणि बाहेरच्या कंपनीचा मात्र शेजारच्या दुकानात कमी किमतीत मिळतो. तो बसविण्यात काही पाप आहे, असे मी मुळीच मानत नाही. मोटार बनविणारी कंपनी हे भाग पुष्कळदा स्वतः घडवीत नाही, दुसऱ्या कारखान्याकडून करवून घेऊन आपल्या खोक्यात घालते; शिवाय सुटे भाग आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांस खुल्या बाजारात मिळू न देणाऱ्या 14 मोटार कंपन्यांस भारतीय स्पर्धा आयोगाने 2014 च्या ऑगस्टात अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड फर्माविला होता, हेही विसरता येत नाही. प्रकरण पुढे अपिलात गेले. पण गावच्या मिस्त्रीची अडचण खरी होती, याची सरकारदरबारी नोंद झाली. स्वतःचे नाव धारण करून बाजारात आलेला माल प्रामाणिक असू शकतो. दुसऱ्याचे नाव छापून विकलेला डुप्लिकेट माल मात्र सरळसरळ फसवणूक होय, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तशी विक्री दंडनीय ठरविली आहे.

मला खरी चिंता वाटते ती तिसऱ्या मार्गाची, कारण त्यास कोणी अपराध समजत नाही. थर्मोस्टॅट काढूनच टाकायचा, झाकण आवळायचे आणि ‘आता गाडी तापणार नाही’ असे सांगून मोकळे व्हायचे, ही तजवीज आपल्याकडे सर्रास चालते. अडल्या वेळी गाडी चालती करण्यापुरती ती एखादे वेळी क्षम्य ठरेलही. पण ज्या इंजिनात हीच झडप उघडताना बायपासची वाट बंद करते, तिथे ती नसल्याने बरेचसे पाणी रेडिएटरला वळसा घालते आणि नेमक्या चढावर गाडी अधिकच तापू शकते. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की गाडीच्या मालकास याचा पत्ता नसतो. ज्याच्या कुटुंबाचा प्रवास त्या झाकणाआडच्या वस्तूवर अवलंबून आहे, त्यालाच तेथे काय आहे, किंवा काहीच नाही, हे ठाऊक नसावे, हा अन्याय मला भागाच्या किमतीपेक्षा फार मोठा वाटतो. मात्र ‘काही करा, पण स्वस्तात उरका’ असा धोशा लावून पुढे तक्रार घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकासही या दोषातून मुक्त करता येणार नाही.

प्रामाणिकपणास येथे मोठे सायास पडत नाहीत. गिऱ्हाइकासमोर पातेल्यात पाणी तापत ठेवावे, जुनी आणि नवी अशा दोन्ही झडपा भांड्याच्या तळास टेकू न देता दोऱ्याने त्यात सोडाव्यात, शेजारी तापमापक धरावा. कोणती उघडते, कितव्या अंशास उघडते, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. मग ओरिजिनल की बाहेरचा, याचा निर्णय त्याचा. जुना भाग कागदात गुंडाळून त्याच्या हवाली करावा, आणि बिलावर नव्या भागाची कंपनी, त्यावरील अंश व बसविल्याची तारीख लिहावी. भाग मिळालाच नाही म्हणून काढून ठेवला असेल, तर तेही तसेच लिहावे. पुढे वाईच्या किंवा चिपळूणच्या एखाद्या मिस्त्रीपुढे ती गाडी उभी राहिली, तर त्यास बोल्ट सोडण्यापूर्वीच आत काय आहे ते कळेल.