अपुरे चित्र



योहान बाप्तिस्टा यार्देन नदीकाठी उभा आहे आणि हात उंचावून, दुरून चालत येणाऱ्या प्रभू येशूकडे लोकांचे लक्ष वेधत आहे. हा प्रसंग रशियन चित्रकार अलेक्झांडर इवानोव्ह यांनी रोममध्ये राहून रंगवला. १८३७ ते १८५७ अशी वीस वर्षे ते या एका चित्रात गढून गेले होते. सुमारे साडेसात मीटर रुंदीचे हे चित्र आज मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह कलादालनात आहे.

त्यासाठी त्यांनी शेकडो अभ्यासचित्रे केली. त्यांतली कितीतरी अपुरीच राहिली.

चित्राच्या पुढच्या भागात गळ्यात दोर असलेला एक गुलाम खाली बसलेला आहे. जगाच्या लेखी त्याची किंमत शून्य. पण त्याच्या चेहऱ्यासाठी इवानोव्ह यांनी पुन्हा पुन्हा कुंचला हाती घेतला. सवयीच्या दुःखातून पहिल्यांदाच डोकावणारा आनंद त्यांना तिथे हवा होता. तो एका बैठकीत उमटणारा नव्हता.

आपण मात्र माणसाचे पहिले अपुरे चित्र पाहूनच निकाल देतो. ‘हा मुलगा वाया गेला.’ ‘सासूबाई कधी बदलायच्या नाहीत.’ संत थॉमस अक्वायनस शिकवतात की, वस्तू आज काय आहे आणि ती काय होऊ शकते, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आपण फक्त पहिली पाहतो. परमेश्वर दोन्ही पाहतो.

याचा अर्थ सगळे मुकाट्याने सोसावे असा नव्हे. दारू पिऊन हात उगारणाऱ्याला थांबवलेच पाहिजे. चित्रकारानेही चुकलेली रेघ बरोबर म्हटली नाही. ती पुन्हा काढली.

त्या भव्य चित्रातही एक खूण राहून गेली आहे. पाण्याजवळच्या म्हाताऱ्याचे वस्त्र पांढरे आहे, पण पाण्यातले त्याचे प्रतिबिंब तांबडे! १८५८ साली इवानोव्ह हे चित्र घेऊन मायदेशी परतले आणि काही आठवड्यांतच कॉलऱ्याने वारले. आपल्यापैकी प्रत्येकजण असेच काहीतरी अपुरे ठेवून जाणार आहे.

म्हणून या आठवड्यात आपण स्वतःला विचारू या: घरातल्या कोणाला आपण ‘संपला’ म्हणून बाजूला ठेवले आहे? त्याच्याशी निदान एक शब्द बोलू या. आणि पापनिवेदनाला जाताना ध्यानात ठेवू या, परमेश्वराने आपल्यावरचे काम अजून थांबवलेले नाही.