आज्ञा वरिष्ठाची, पाप कोणाचें?

वरिष्ठाची आज्ञा पाळणें हें चाकराचें कर्तव्य होय, असें आपण मानितों. परंतु आज्ञाच अन्यायाची असली, तर पापाचा वांटा चाकराकडे येतो कीं नाहीं? ह्या प्रश्नाचा विचार करितांना ग्रीस देशाचा सेनापति फैदोन गिझिकीस (१९१७–१९९९) ह्याचें चरित्र मनन करण्याजोगें आहे.

ता. २१ एप्रिल १९६७ रोजीं पापादोपुलोस व त्याचे सोबती ह्या लष्करी अंमलदारांनीं त्या देशाची सत्ता बळकाविली. आपला देश ख्रिस्ती ग्रीकांचा, असा त्यांचा घोष असे. पण त्याच घोषाखालीं लष्करी पोलिसांच्या कोठड्यांत कैद्यांचा छळ होई. गिझिकीस त्या राजवटीची चाकरी करीत राहिला. सन १९७३ च्या नोव्हेंबरांत अथेन्स येथील विद्यार्थ्यांची चळवळ रणगाडे घालून मोडण्यांत आली. पुढें आठच दिवसांनीं इओआनिदीस नामक अंमलदारानें पापादोपुलोसला दूर सारून गिझिकीसला राष्ट्राध्यक्षाच्या आसनावर बसविलें. आसन ह्याचें, सूत्रें त्याच्या हातीं.

सन १९७४ च्या जुलैंत ह्या राजवटीनें सायप्रस बेटांत बंड करविलें. तेव्हां तुर्की फौज तेथें उतरली व ग्रीस युद्धाच्या कड्यावर येऊन ठेपला. ता. २३ रोजीं गिझिकीसनें जुन्या मुलकी पुढाऱ्यांस बोलाविलें; दुसऱ्या दिवशीं पहाटे करामानलीस ह्यांनीं प्रधानपदाची शपथ घेतली. सात वर्षांचा जुलूम संपला.

हें कृत्य चांगलेंच झालें. तें आम्ही तुच्छ लेखीत नाहीं. परंतु शेवट गोड झाला म्हणून मागील सारें गोड झालें काय? मे १९७३ मध्यें त्याच देशाच्या ‘वेलोस’ युद्धनौकेचा कप्तान निकोलाओस पाप्पास ह्यानें ह्या राजवटीची आज्ञा झुगारून इटलींत आश्रय घेतला. पद गेलें, देश दुरावला. त्याचाही गणवेष लष्करीच होता. तेव्हां ‘मजपुढें दुसरा मार्ग नव्हता’ असें म्हणावयास कोणास जागा उरत नाहीं.

गिझिकीसच्या अंतःकरणाचा न्याय देव करील. तें आपलें काम नव्हे. आपण जक्कयाकडे पाहावें. प्रभु घरीं आला त्याच दिवशीं त्यानें लुबाडलेल्यांस चौपट परत देण्याचें कबूल केलें. देवाची क्षमा फुकट मिळते, पण तेवढ्यानें शेजाऱ्याचें देणें फिटत नाहीं.

मंडळीचा ठराव असो वा धन्याचा हुकूम असो, सही करणारा हात आपलाच असतो. संकट दाराशीं आल्यावर अन्याय सोडण्यापेक्षां, सोडल्यानें कांहीं गमवावें लागेल अशा दिवशींच तो सोडावा. त्यांतच विश्वासाची परीक्षा आहे.