विहीर माझ्या नावावर

बाबा 2017 साली गेले, 88 वर्षांचे होऊन. अंत्यविधीच्या मिस्साला चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. फादर प्रवचनात म्हणाले, या माणसाने देव, घर आणि गाव तिन्ही सांभाळलं. लोकांनी माना हलवल्या. मी पहिल्या बाकावर, पेटीपासून दोन हातांवर बसलो होतो. माझ्या मनात आलं, सांभाळलं खरं, पण एकाचं दुसऱ्याच्या ताटातून काढून. हे फादरांना कुठून ठाऊक असणार? ही गोष्ट झाली तेव्हा ते शाळेत असतील.

आमचं गाव वसईत. घरात आम्ही कादोडी बोलतो, लिहितो मात्र शाळेतल्या मराठीत. दहावीपर्यंत जेवढी शिकलो तेवढीच. वाडीत केळी, थोडी पानवेल, भाजी. बाबा लहान असताना मिस्सा लॅटिनमध्ये व्हायचा. वेदीसेवक म्हणून त्यांनी सगळी उत्तरं पाठ केली होती, अर्थ एका शब्दाचा ठाऊक नाही. 1962 ते 65 ची व्हॅटिकन परिषद झाली आणि पुढे मिस्सा मराठीत आला. बाबा म्हणायचे, "इतकी वर्षं मी देवाशी काय बोलत होतो ते तेव्हा कळलं. आता कळलंय म्हटल्यावर पाळायला नको?" हे ते हसत म्हणायचे, पण आम्हाला ते महागात पडलं.

चर्चमध्ये सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी असते. पॅरिसमध्ये 1833 साली कॉलेजातल्या पोरांनी सुरू केलेलं हे काम. दर आठवड्याला बैठक, मग गरिबाच्या घरी जाऊन विचारपूस. बैठकीत एक पिशवी फिरते. हात आत घालून जे द्यायचं ते द्यायचं, कोणी किती टाकलं ते शेजाऱ्यालाही कळत नाही. बाबा चाळीसेक वर्षं त्या पिशवीत हात घालत होते. किती घातले, ते आईलाही कधी कळलं नाही. तिला एवढंच कळायचं की डब्यात साखर नाही.

शिवाय ते ग्रामपंचायतीत निवडून आलेले. 1990 च्या आसपास गावात टँकरचा सुळसुळाट झाला होता. स्टेशनकडे इमारती उठत होत्या, त्यांना पाणी नव्हतं, आणि आमच्या विहिरींना होतं. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे खाडी, मधल्या पट्ट्यात गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं, दुधावर साय असावी तसं. वाडी शिंपायला लागतं तेवढं काढलं तर पावसात भरून येतं. रात्रंदिवस मोटर चालवली की साय संपते आणि खालचं खारं वर येतं. ते एका विहिरीत थांबत नाही, कारण जमिनीखाली बांध नसतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली होती, बाबा तिच्या मोर्च्यात जायचे. पंचायतीत ते टँकरविरुद्ध सगळ्यात मोठ्याने बोलायचे.

त्याच वर्षी मी आमच्या विहिरीचं पाणी विकलं.

कारण सांगतो, समर्थन म्हणून नाही. सोसायटीतल्या एका गरीब माणसाला बाबा पतपेढीत जामीन राहिले होते. त्याच्याच्याने हप्ते झेपेनात, ते आमच्यावर आले. दोन वर्षं आम्ही दुसऱ्याचं कर्ज फेडत होतो. माझी बायको दिवसांतून होती, डॉक्टरने ऑपरेशन सांगितलं होतं. टँकरवाला 25 रुपये खेपेला रोख द्यायचा. बाबा पहाटे मिस्साला गेले की मी मोटर चालू करायचो. घंटा वाजायची, तिकडे ते गुडघ्यावर, इकडे मी पाइप धरून. सात आठवडे असं चाललं.

खालच्या अंगाला एका विधवा मावशीची वाडी होती. तिच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं, मग खारं. तिची पानवेल पिवळी पडली. बाबा सोसायटीतर्फे तिच्याकडे दर आठवड्याला जायचे, त्यांनी पाणी चाखून बघितलं. घरी येऊन ते मला काहीच बोलले नाहीत. मोटरच्या खोलीला कुलूप घातलं आणि चावी वेदीपाशी खिळ्याला, रोझरीच्या शेजारी अडकवली.

पुढच्या ग्रामसभेत ते उभे राहिले. म्हणाले, "टँकरला पाणी माझ्या विहिरीतून गेलं. विहीर माझ्या नावावर आहे." माझं नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती, सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या होत्या. त्यांनी त्याच सभेत राजीनामा दिला आणि मावशीची पानवेल पुन्हा लावून द्यायचं कबूल केलं. तो खर्चही घरातूनच गेला.

आमच्यात पापनिवेदन असतं. आपलं पाप आपण फादरच्या कानात सांगायचं, फादरने ते मरेपर्यंत पोटात ठेवायचं. मी वर्षानुवर्षं बाबांवर हाच राग धरला. माझं पाप मला सांगू द्यायला हवं होतं. ते त्यांनी उचललं, स्वतःचं म्हणून चौकात मांडलं, आणि मला साधी माफी मागायलाही जागा ठेवली नाही. पिशवीत टाकलेला पैसा झाकून ठेवणारा माणूस घरची लाज उघड्यावर का आणतो? त्यात थोडा गर्व नव्हता का? की मी किती सरळ आहे, पोरालाही सोडत नाही, हे गावाला दिसावं? असं मला वाटायचं. अजूनही कधी कधी वाटतं.

दफन झाल्यावर मावशी कब्रस्तानाच्या फाटकाशी भेटली. ती आता नव्वदीला टेकलेली. म्हणाली, "तुला ठाऊक नसेल. सभेच्या आदल्या रात्री तुझे बाबा माझ्याकडे आले होते. रडले. मी म्हटलं, मी माफ केलं, तुम्ही सभेत बोलू नका, घरात बाळंतीण आहे."

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, पाणी तुझ्या एकटीचं नव्हतं गं."

मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो. तिचं माफ करून झालं होतं, तरी ते बोलले. म्हणजे माझा राग दुप्पट व्हायला हवा होता. पण तिच्या खालीही वाड्या होत्या, त्यांच्याही विहिरी होत्या, आणि त्यांच्या वतीने माफ करायला त्या रात्री कोणी बसलं नव्हतं. हे मला कळतं. माझ्या बायकोला मात्र कळलं नाही. ओली बाळंतीण असताना तिने बायकांचे टोमणे ऐकले, आणि तिच्याकडे बाबा एकदाही माफी मागायला गेले नाहीत. शेवटची तीन वर्षं त्यांचं अंथरूण तिनेच काढलं. मी एकदा तिला विचारलं, राग नाही का? तर म्हणाली, "राग आहे म्हणून म्हाताऱ्याला ओल्यात ठेवू?"

2009 साली वसई-विरार महापालिका झाली आणि बाबांची पंचायत इतिहासजमा झाली. आता मोठा मुलगा म्हणतो, वाडीत काही राहिलं नाही, बिल्डर चांगला भाव देतोय. वाडी अजून आमच्याच नावावर आहे. परवा त्याने मोटरची चावी मागितली, केळीला पाणी द्यायला. मी म्हटलं, वेदीपाशी बघ, खिळ्याला आहे.