चेंडू हातात नसतानाची धाव

कर्जत, जि. अहिल्यानगर

चि. सोन्या,

“कोच सारखा पासच खेळवतात, मग रनिंग बॅक ठेवलाय कशाला?” फोनवरचं तुझं हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. सातवीपर्यंत तू इथं शिकलास, मराठी वाचता येतं, म्हणून सविस्तर लिहितो. सावकाश वाच.

अमेरिकेत तुमच्याकडे राहिलो तेव्हा तुझ्या बाबांनी मला तुमचं अमेरिकन फुटबॉल समजावलं आणि ते मला मनापासून आवडलं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं. रनिंग बॅकनं चेंडू पोटाशी धरून धावायचं, नाहीतर क्वार्टरबॅकनं तो पुढं फेकायचा. अडवणारेही अकराच. ते कुठं उभे राहतात, यावर सगळं ठरतं. धावणाऱ्याची धास्ती घेतली की ते पुढं दाटी करतात आणि मागं रान मोकळं पडतं. फेकीला भ्याले की पांगतात, मग मधून वाट होते.

एके काळी या खेळात पुढं पास देणं नियमातच नव्हतं. सगळे एकाच जागी एकमेकांवर आदळायचे, आणि त्यात पोरं जिवानिशी जायची. १९०५ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी कॉलेजांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. पुढच्या वर्षी पुढच्या पासला परवानगी मिळाली. तरी बरेच संघ त्याला बिचकतच होते. मग १ नोव्हेंबर १९१३ रोजी वेस्ट पॉइंटला नोत्र दाम विरुद्ध आर्मी सामना झाला. नोत्र दामचा डोराईस लांब पास टाकतोय आणि रॉकनी पळता पळता ते झेलतोय, हे बघून आर्मीचे खेळाडू पांगले. ते पांगताच आयकेनलॉब हा दांडगा फुलबॅक मधून घुसू लागला. नोत्र दामनं ३५–१३ असा सामना जिंकला. लोक त्या दिवसाचे पास आठवतात. मला विचारशील तर त्या पासांनी आयकेनलॉबला जी वाट करून दिली, तीही तितकीच मोलाची.

हेच आपल्या कबड्डीत बघ. चढाई करणारा बोनस रेषेवर पाय टाकतो, तेव्हा कोपऱ्यातला गडी घोटा धरायला पुढं झेपावतो आणि नेमका हाताच्या टप्प्यात येतो. बोनस मिळो न मिळो, त्याच्या भीतीनं गुण मिळतो. तुमच्याकडे प्ले-अॅक्शन म्हणतात ते हेच. क्वार्टरबॅक तुझ्या पोटाशी चेंडू नेतो पण देत नाही, तू चेंडू मिळाल्यासारखी मिठी मारून सुसाट निघतोस, बचावातला लाइनबॅकर दोन पावलं पुढं येतो, आणि त्याच्या डोक्यावरून पास जातो. ती दोन पावलं तू मिळवलेली असतात. तुझ्या नावावर त्याची नोंद होत नाही, हे मला ठाऊक आहे आणि त्याचं वाईटही वाटतं.

जुने प्रशिक्षक सांगत, आधी धावून धावून बचाव थकवा, म्हणजे पास आपोआप खुलेल. जिंकणारे संघ जास्त धावतात, हा त्यांचा दाखला. मला तो पटत नाही. झेलला न गेलेला पास घड्याळ थांबवतो. धावणारा मैदानाच्या आत पडला तर घड्याळ चालूच राहतं. म्हणून आघाडी मिळाली की संघ वेळ काढायला धावतो. म्हणजे पुष्कळदा विजय आधी हातात येतो आणि धावा नंतर वाढतात. अलीकडे आकडे तपासणाऱ्यांनाही आढळलं, की प्ले-अॅक्शन चालायला आधी खूप धावलेलं असावंच लागतं असं नाही. लाइनबॅकरला तू धावशील असं त्या क्षणी वाटलं, की पुरे.

१९७८ मध्ये व्यावसायिक लीगनं झेल घेणाऱ्याला पाच यार्डांपुढं ढकलायला मनाई केली, तेव्हापासून पासाचं पारडं जड होत गेलं. तुझे कोच त्याच काळाचे आहेत, त्यांच्यावर रागावू नकोस. पण ज्या संघाचा रनिंग बॅक कधीच धावत नाही, त्याच्या हुलकावणीला कोण फसेल? म्हणून दोन-तीन धावा मागायला जरूर जा. मात्र आधी प्ले-अॅक्शनच्या खेळ्यांचे व्हिडिओ कोचबरोबर बसून बघ. तू निघालास तेव्हा लाइनबॅकर हलला की जागीच राहिला, तेवढंच बघायचं. तो हलत नसेल तर तुझी मिठी सैल पडतेय, खांदे पुरेसे खाली जात नाहीत. तो हलत असेल, तर तेच कोचना दाखव आणि मग धाव माग.

आई-बाबांना आशीर्वाद. पुढच्या सामन्याचा व्हिडिओ पाठव.

तुझे आजोबा